कामाची पारख कामातूनच व्हावी

लिपिक-टंकलेखकाची जागा भरावयाची असेल, तर उमेदवाराला टंकलेखन यंत्राच्या इतिहासावर निबंध लिहावयास कोणी सांगत नाही. मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्द या गतीचे प्रमाणपत्र त्याच्याजवळ आहे की नाही, हे पाहिले जाते. आणि ते प्रमाणपत्र टंकलेखन करून दाखविल्याखेरीज मिळत नाही. शिक्षकाच्या बाबतीतही तेच. बी.एड.च्या विद्यार्थ्याने मानसशास्त्राच्या लेखी परीक्षेत कितीही गुण मिळविले, तरी पाठटाचण हाती घेऊन वर्गासमोर उभे राहणे आणि मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकाच्या देखत पाठ घेणे त्याला चुकत नाही. या पद्धती निर्दोष आहेत, असा दावा कोणी करणार नाही. परंतु त्यांच्या मुळाशी असलेले तत्त्व स्वच्छ आहे: जे काम पुढे करावयाचे आहे, त्याचाच एक लहानसा तुकडा आज करून दाखवावा.

आश्चर्य असे की, जेथे हे तत्त्व अमलात आणणे सर्वांत सोपे आहे, त्या संगणक क्षेत्रातच त्याचा वारंवार विसर पडतो. संकेतस्थळे घडविणाऱ्या तंत्रज्ञाची, म्हणजे वेब डेव्हलपरची, निवड ज्या चाचण्यांनी होते, त्यांतील कित्येक चाचण्यांचा त्याच्या नित्याच्या कामाशी दूरचाही संबंध नसतो. हा प्रश्न केवळ कंपन्यांच्या अंतर्गत कारभाराचा आहे, असे समजून तो सोडून देता येणार नाही. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी मोठ्या संख्येने बाहेर पडणारी मुलेमुली याच दारातून नोकरीत शिरू पाहतात. त्यांतील अनेकांच्या घरी शैक्षणिक कर्जाचे हप्ते दारात उभे असतात. अशा वेळी तास-दोन तासांची एक चाचणी त्यांचे भवितव्य ठरविणार असेल, तर ती नेमके काय मोजते, हे विचारण्याचा त्यांना आणि त्यांच्या शिक्षकांना पुरेपूर अधिकार आहे.

प्रथम हे काम असते तरी कसे, ते पाहावयास हवे. वेब डेव्हलपर दिवसभर नवनवी कूटे सोडवीत बसतो, ही समजूत चुकीची आहे. बहुधा त्याच्या पुढ्यात दुसऱ्याने, कधी काळी, घाईगर्दीत लिहून ठेवलेली आज्ञावली असते. ती वाचावयाची, तिच्यात दोष कोठे आहे ते हुडकावयाचे, दुरुस्ती करताना चालू असलेले बिघडणार नाही याची दक्षता घ्यावयाची, आणि मग मागणीप्रमाणे तीत एखादी भर घालावयाची, असा हा व्यवसाय आहे. मागणी करणाऱ्याला आपल्याला काय हवे ते नेमके सांगता येतेच असे नाही. म्हणून त्याला योग्य प्रश्न विचारणे हाही कामाचाच भाग होय. त्याने तयार केलेले पान महागड्या संगणकावर तर दिसले पाहिजेच, परंतु खेड्यातील मंद जोडणीच्या स्वस्त फोनवरही ते उघडले पाहिजे. ज्याला माऊस हाताळता येत नाही, त्याला ते केवळ कळफलकाच्या साहाय्याने वापरता आले पाहिजे. वाचन, संयम, चिकित्सा आणि दुसऱ्याच्या अडचणीची जाण हे या कामाचे खरे गुण आहेत.

आता परीक्षा कशाची घेतली जाते, ते पाहू. एके काळी अमेरिकेतील मोठ्या संगणक कंपन्यांत कोड्यांचे प्रस्थ होते. गटाराची झाकणे गोल का असतात, एका विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील, अशा प्रश्नांनी उमेदवाराची बुद्धी जोखली जाई. गूगलचे तत्कालीन मनुष्यबळप्रमुख लॅस्लो बॉक यांनी २०१३ साली अशा कोड्यांतून काहीही भाकीत करता येत नाही, त्यांत निव्वळ वेळ वाया जातो, अशी जाहीर कबुली दिली. कोडी मागे पडली. पण त्यांची जागा बऱ्याच अंशी गणनविधींच्या पाठ्यपुस्तकी प्रश्नांनी घेतली. फळ्यासमोर उभे राहून, संगणकाचा आधार न घेता, द्विशाखी वृक्ष उलटा करून दाखविणे हा त्यांतला गाजलेला नमुना. ज्याला एखाद्या कार्यालयाचे अर्ज स्वीकारणारे पान बांधावयाचे आहे, त्याच्यावर असा वृक्ष उलटा करण्याचा प्रसंग उभ्या नोकरीत क्वचितच येतो.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ‘फिझ-बझ’ नावाची चाचणी आहे. १ ते १०० अंक छापावयाचे. ३ ने भाग जाणाऱ्या अंकाऐवजी ‘फिझ’, ५ ने भाग जाणाऱ्याऐवजी ‘बझ’ आणि दोहोंनी भाग जाणाऱ्याऐवजी दोन्ही शब्द छापावयाचे. मुळात हा मुलांना भागाकार शिकविण्याचा खेळ. २००७ च्या सुमारास तो प्रोग्रॅमरांच्या मुलाखतींत शिरला, कारण पदवी असूनही कित्येकांना एवढी साधी आज्ञावली लिहिता येत नाही, असा बोलबाला झाला होता. चाळणी म्हणून त्याचा काही उपयोग झाला. तथापि प्रश्न प्रसिद्ध होताच उत्तरही पाठ झाले, आणि पाठ झालेल्या उत्तराने मोजली जाते ती स्मरणशक्ती.

परीक्षा आणि काम यांची फारकत झाली म्हणजे काय होते, याचा धडा चीनच्या इतिहासात आहे. तेथील राजसेवा परीक्षांत पुढील काळात ‘अष्टपदी निबंध’ नावाच्या अत्यंत काटेकोर साच्याला अवास्तव महत्त्व आले. ज्यांनी पुढे करवसुली करावयाची, न्यायनिवाडा करावयाचा, ते तरुण आयुष्याची उमेदीची वर्षे त्या साच्यात शब्द बसविण्यात घालवीत. अखेर १९०५ साली ही परीक्षापद्धतीच रद्द करण्यात आली. परीक्षा जशी असते, तसे शिक्षण होते; हे कोणत्याही शिक्षकाला वेगळे सांगावयास नको. आज महाविद्यालयांच्या वसतिगृहांत रात्र रात्र जागून शेकडो ठरावीक कूटप्रश्न घोकणारी मुले तोच इतिहास लहान प्रमाणात पुन्हा जगत आहेत. त्यांचे कष्ट खरे आहेत. फक्त त्या कष्टांतून येणारे कौशल्य नोकरीच्या पहिल्या दिवशी फारसे उपयोगी पडत नाही.

चाचणीचा कामाशी संबंध असलाच पाहिजे, हा विचार न्यायालयांनीही मान्य केला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर कंपनी या खटल्यात एक महत्त्वाचा निर्णय दिला. नॉर्थ कॅरोलायनातील या वीज कंपनीने हलक्या कामावरून वरच्या कामावर जाण्यासाठी शालान्त पदविका आणि सर्वसामान्य बुद्धिमत्ता चाचण्या यांची अट घातली होती. त्या अटींमुळे कृष्णवर्णीय कामगार मोठ्या संख्येने वगळले जात. आणि त्या अटींचा प्रत्यक्ष कामाशी संबंध मात्र कंपनीला दाखविता आला नाही. हेतू वाईट नव्हता एवढे म्हणणे पुरेसे नाही, चाचणीने कामाची योग्यता मोजली पाहिजे, असे न्यायालयाने एकमताने ठरविले. तो निर्णय अमेरिकेच्या कायद्याचा आहे हे खरे. पण त्यातील न्यायबुद्धी कोणत्याही देशाने स्वीकारावी अशी आहे.

फळ्यासमोरच्या परीक्षेबाबत २०२० साली नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४८ विद्यार्थ्यांपैकी काहींनी परीक्षकाच्या देखत मोठ्याने विचार सांगत प्रश्न सोडविला. इतरांना तोच प्रश्न एकांतात सोडवू दिला. देखरेखीखालील विद्यार्थ्यांची कामगिरी निम्म्याहून अधिक घसरली. देखरेखीखालील गटातील एकाही विद्यार्थिनीला प्रश्न सुटला नाही, तर एकांतात बसलेल्या सर्व विद्यार्थिनींनी तो सोडविला. संख्या लहान असल्याने यावरून अंतिम सिद्धान्त मांडणे धाडसाचे होईल. परंतु असल्या परीक्षेत कौशल्याइतकीच भीतीही मोजली जात असावी, ही शंका मात्र बळकट होते.

मग प्रत्यक्ष कामाची चाचणी घेतली म्हणजे सर्व काही साधले काय? तसेही नाही. निवडपद्धतींच्या अभ्यासात श्मिट आणि हंटर यांचे १९९८ चे संकलन दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. त्यात कामाच्या नमुना-चाचणीचा पुढील कामगिरीशी असलेला सहसंबंध ०.५४ म्हणजे सर्वांत वरचा होता. २०२२ साली सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या आकडेमोडीतील गृहीतके तपासून पाहिली, तेव्हा हा आकडा ०.३३ वर आला. आणि आधी आखून घेतलेल्या, सर्वांना तेच प्रश्न विचारणाऱ्या मुलाखतीचा आकडा ०.४२ भरला. याचा अर्थ उघड आहे. नमुना-चाचणी उपयुक्त आहे. पण ती जादूची कांडी नव्हे. तिला आखीव मुलाखतीची जोड हवी, आणि मुख्य म्हणजे ती विचारपूर्वक बेतलेली हवी.

न बेतलेल्या प्रात्यक्षिकाचे दुष्परिणाम आज पदोपदी दिसतात. उमेदवाराला घरी सोडविण्यासाठी काम दिले जाते: ग्राहकांची नोंदणी, वस्तूंची यादी, पैसे भरण्याची सोय आणि व्यवस्थापकासाठी स्वतंत्र पाने असलेले अख्खे दुकानच चार दिवसांत उभे करून आणा! हे काम चार दिवसांचे आहे की चौदा, याची देणाऱ्याने शहानिशा केलेली नसते. जो बेकार आहे तो रात्रंदिवस खपून ते करतो. जो दुसरीकडे नोकरीत आहे त्याला ते जमत नाही. आणि जिच्यावर घर, मूल आणि आजारी सासूची शुश्रूषा यांचा भार आहे, ती स्पर्धेतून आपोआप बाद होते. एवढे करून काम पाठवावे, तर त्याची पोचही मिळत नाही. काही ठिकाणी तर असे फुकट करवून घेतलेले काम थेट व्यवहारात वापरले जाते. याला चाचणी म्हणत नाहीत, वेठबिगार म्हणतात. मोठे काम करवूनच पारख करावयाची असेल, तर त्याचा मोबदला द्यावा. वर्डप्रेस.कॉम चालविणाऱ्या ऑटोमॅटिक या कंपनीत उमेदवारांना तासाला २५ डॉलर देऊन काही काळ खऱ्या कामावर अजमावले जाते, असे तिचे प्रमुख मॅट मुलेनवेग यांनी २०१४ साली लिहिले होते. प्रत्येकाला ते परवडणार नाही, हे मान्य. परंतु ज्याला मोबदला परवडत नाही, त्याने चाचणी लहान ठेवावी.

लहान आणि तरीही अर्थपूर्ण चाचणी कशी असू शकते, याचे एक उदाहरण घेता येईल. तालुक्याच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयाचा व्यवहार सांभाळणारी अडीचशे-तीनशे ओळींची एक आज्ञावली उमेदवाराला द्यावी. ती चालू असावी; पण तिच्यात तीन दोष असावेत. पहिला दोष नावाच्या लांबीचा. ‘क्षितिज’ हे नाव वाचणाऱ्याला तीन अक्षरांचे दिसते. युनिकोडच्या हिशेबाने मात्र त्यात जोडखुणा आणि वेलांट्या धरून सात चिन्हे असतात. अक्षरे आणि चिन्हे यांतील हा भेद न जाणता घातलेली लांबीची मर्यादा मराठी सभासदाचे नाव मध्येच तोडते. दुसरा दोष वर्णक्रमाचा. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडच्या तक्त्यात तो ‘ल’च्या मागोमाग आहे. त्यामुळे केवळ चिन्हांच्या क्रमांकांवरून यादी लावली, तर ‘काळे’ हे आडनाव ‘काशीकर’च्या आधी जाऊन बसते. भाषेनुसार क्रम लावण्याची सोय आधुनिक ब्राउझरमध्ये तयार असते. ती शोधून वापरावी, हे उमेदवाराला सुचते का, ते येथे दिसेल. तिसरा दोष गंभीर. शोधाच्या चौकटीत लिहिलेला मजकूर जसाच्या तसा माहितीसाठ्याच्या आज्ञेत जोडलेला असावा. या दोषामुळे एखादा उपद्व्यापी माणूस चौकटीत नावाऐवजी आज्ञाच लिहून सर्व सभासदांचे पत्ते बाहेर काढू शकतो. ‘एसक्यूएल इंजेक्शन’ या नावाचा हा धोका पंचवीस वर्षांहून अधिक काळ ज्ञात आहे, तरीही तो नव्या आज्ञावल्यांत सापडतोच.

हे दोष दूर केल्यावर उमेदवाराने एकच भर घालावी: मुदत उलटून गेलेल्या पुस्तकांची यादी. मागणीत एक गोष्ट मुद्दाम मोघम ठेवावी. ग्रंथालयाच्या सुट्टीचे दिवस मुदतीत धरावयाचे की नाही, हे लिहू नये. उमेदवार ते विचारतो, की स्वतःच काहीतरी गृहीत धरून पुढे जातो, की गृहीत धरले ते निदान लिहून ठेवतो, यावरून त्याच्या कामाची रीत कळते. चाचणीला दोन तास द्यावेत. त्याला त्याच्या सवयीचा संगणक आणि संदर्भ पाहण्याची पूर्ण मुभा असावी, कारण नोकरीतही ती असतेच. खांद्यावरून डोकावणारा परीक्षक नसावा. काम अपुरे राहिले तरी चालेल, मात्र काय राहिले आणि का राहिले ते लिहावे, अशी स्पष्ट सूचना असावी. त्यानंतर वीस मिनिटे त्याच्याशी त्याच्याच कामाविषयी बोलावे: हा बदल येथेच का केला? सभासद शंभराऐवजी एक लाख झाले तर काय अडेल?

गुणदानाचे निकष उत्तरे हाती येण्यापूर्वीच ठरलेले असावेत आणि ते उमेदवारालाही ठाऊक असावेत. दोष-दुरुस्तीला ४०, नव्या भरीला २५, आज्ञावलीच्या सुबोधतेला १५ आणि संभाषणातील स्पष्टीकरणाला २०, अशी काही विभागणी करता येईल. शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिका परीक्षकाने तपासल्यावर नियामकाकडे जातात. त्याच धर्तीवर दोघांनी एकमेकांचे गुण न पाहता तपासणी करावी आणि मोठी तफावत आढळल्यास तिसऱ्याने पाहावे. त्याआधी कंपनीने आणखी एक पथ्य पाळावे. ही चाचणी प्रथम आपल्याच दोन-तीन कर्मचाऱ्यांना द्यावी. रोज हेच काम करणाऱ्यांना ती दोन तासांत जमत नसेल, तर दोष उमेदवाराचा नसून प्रश्नपत्रिकेचा आहे.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून या विषयाला नवे वळण मिळाले आहे. घरी दिलेला प्रश्न यंत्राकडून क्षणार्धात सोडवून घेता येतो. मग प्रात्यक्षिकाला अर्थ काय उरला, असे विचारले जाते. यावर कॅमेरे लावून, पापण्यांची हालचाल टिपून पहारा ठेवण्याचे उपाय निघाले आहेत. त्यांनी प्रामाणिक उमेदवाराचा अपमान होतो, आणि लबाडाला नवी वाट शोधावी लागते, इतकेच. वास्तविक यंत्राने सुटणारा प्रश्न बहुधा घोकंपट्टीनेही सुटत होता. यंत्राने फक्त त्याचा पोकळपणा उघड केला. नोकरीतही असली साधने आता सर्रास वापरली जातात. तेव्हा ती वापरू द्यावीत, पण उत्तराची जबाबदारी उमेदवाराची, हे बजावावे. यंत्राने लिहिलेली, वरवर नीटनेटकी पण आतून चुकलेली आज्ञावली समोर ठेवून तीतील दोष दाखविण्यास सांगावे. ज्याला स्वतःचे म्हणून दिलेले काम समजलेले नाही, तो वीस मिनिटांच्या संभाषणात उघडा पडतो. त्यासाठी कॅमेऱ्याची गरज पडत नाही.

एवढा खटाटोप हजारो उमेदवारांसाठी कसा करावा, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर टप्प्याटप्प्याने जाण्यात आहे. पहिली चाळणी संगणकावर, सर्वांसाठी, अर्ध्या तासाची असू शकते. पण तीही कूटांची नसावी, साधी आज्ञावली वाचून तीतील चूक दाखविण्याची असावी. दोन तासांची चाचणी मोजक्याच उमेदवारांना द्यावी. चुकीच्या माणसाची निवड आणि योग्य माणसाची हुकलेली निवड या दोहोंचा भुर्दंड जमेस धरला, तर हा खर्च जड वाटू नये. ज्यांना नाकारले, त्यांना दोन ओळींत कारण कळविण्यास तर खर्चही येत नाही. त्या दोन ओळींवर कोणा विद्यार्थ्याचे पुढचे सहा महिने सत्कारणी लागू शकतात.

अर्थात सर्व दोष कंपन्यांच्या पदरी घालून महाविद्यालयांना मोकळे होता येणार नाही. आपल्याकडील प्रात्यक्षिक परीक्षांची काय अवस्था आहे, हे शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही जाणतात. मित्राच्या जर्नलवरून उतरवून काढलेले जर्नल, आधीच ठाऊक असलेले प्रयोग आणि पाहुण्या परीक्षकाच्या आदरातिथ्यानंतर सढळ हाताने वाटले जाणारे गुण, अशा रीतीने प्रात्यक्षिकाचा निव्वळ विधी उरला आहे. कंपन्या गुणपत्रिकेवर विश्वास ठेवीत नाहीत आणि स्वतःच्या चाचण्या रचतात, याचे एक कारण हेही आहे. महाविद्यालयांनी मोडकी आज्ञावली दुरुस्त करण्याचे काम प्रात्यक्षिकात दिले, दुसऱ्याचे लिखाण वाचावयास शिकविले आणि गुण देताना हात आखडता घेतला, तर त्यांच्या गुणपत्रिकेला पुन्हा वजन येईल.

चाचणी ही कंपनीकडून तरुणाला होणारी पहिली ओळख असते. ती आखताना कंपनीने किती विचार केला, त्याच्या वेळेची किती किंमत केली, हे त्याला लगेच कळते. उत्तम चाचणीने प्रत्येकाला नोकरी मिळणार नाही. जागा थोड्या आणि इच्छुक अनेक, ही वस्तुस्थिती कोणत्याही प्रश्नपत्रिकेने बदलत नाही. परंतु ज्याला ती मिळाली नाही, त्यालाही आपली परीक्षा कामाची झाली, नशिबाची नव्हे, असे म्हणता आले पाहिजे. हे साधणे कंपन्या आणि महाविद्यालये या दोघांच्याही हाती आहे. त्यासाठी कोणा तिसऱ्याची वाट पाहण्याचे कारण नाही.